वाकडे पाऊल आणि चार वर्षांची सेवा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)





पन्नास वर्षांपूर्वी गावोगावच्या धर्मादाय ट्रस्टांनी आरोग्यसेवेचे काम हाती घेतले, तेव्हा अपंग साहाय्य या शब्दांचा अर्थ बहुतांशी पोलिओ असाच होता. कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली यांची वाटप-शिबिरे भरत. वर्षातून एकदा शहरातून डॉक्टर येत, दोन दिवसांत कितीतरी मुलांच्या शस्त्रक्रिया करून जात, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्या आकड्यांना मानाचे स्थान मिळे. त्या काळाची ती गरज होती. १९७५ साली जयपूर येथे डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, तेव्हापासून जयपूर फूट हा शब्द जैन समाजाच्या सेवाकार्याशी कायमचा जोडला गेला.

पुढे काळ बदलला. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. पोलिओ गेला, परंतु बालकांच्या पायांचे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर गेले असे मात्र झाले नाही. एक व्यंग पूर्वीही होते, आजही आहे आणि कोणत्याही लसीने ते थांबणारे नाही. ते म्हणजे जन्मजात वाकडे पाऊल, ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात आणि केसपेपरवर सी.टी.ई.व्ही. अशी चार अक्षरे लिहितात. पोलिओच्या काळात अंगवळणी पडलेली शिबिराची पद्धत या व्यंगाला चालत नाही, आणि आजच्या विवेचनाचा रोख मुख्यतः त्याकडे आहे.

हे पाऊल जन्मतःच ओळखू येते. टाच वर ओढलेली असते, पुढचा पंजा आतल्या बाजूला वळलेला असतो, तळव्याचा खळगा नेहमीपेक्षा खोल असतो आणि संपूर्ण तळवा जणू दुसऱ्या पायाकडे पाहत असतो. काही बाळांचे पाऊल केवळ गर्भातील स्थितीमुळे किंचित वळलेले दिसते. ते हाताने अलगद सरळ करता येते, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला गुदगुल्या केल्या तर बाळ ते आपणहून सरळ करते. खरे क्लबफूट असे सरळ होत नाही, ते ताठर असते. हा भेद डॉक्टरांनी करायचा आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांनी नव्हे.

दर हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हे व्यंग असते. मुलींपेक्षा मुलांत ते सुमारे दुप्पट आढळते आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. हजारी एक एवढेच प्रमाण धरले तरी वर्षाला वीस हजारांवर बाळे होतात. उपचार न झाल्यास हे मूल चालू लागते, परंतु पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी कधी तर पावलाच्या पाठीवर भार देऊन. तेथे घट्टे पडतात, जखमा होतात, बाजारात मिळणारी चप्पल त्या पायात बसत नाही. पुढे शाळा, नोकरी, विवाह या प्रत्येक टप्प्यावर ते पाऊल आडवे येते. तान्हेपणी मात्र या पावलाला अजिबात दुखत नाही. बाळ हसते, खेळते, अंगावर पिते. दुखत नाही म्हणून घाई वाटत नाही, आणि सर्वांत अनुकूल काळ तेवढ्यात निघून जातो.

आता कारणांविषयी. याचे निश्चित कारण वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेले नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा आहे; एका अपत्याला हा दोष असेल तर पुढच्या अपत्यात त्याची शक्यता थोडी वाढते. याउलट, गरोदरपणी ग्रहणात आईने विळी-सुरी हाती धरली म्हणून बाळाचे पाऊल वळले, हा आरोप सर्वस्वी निराधार आहे. कितीतरी बाळंतिणींनी तो आयुष्यभर मुकाट्याने सोसला असेल.

जैन घरांत ग्रहणाऐवजी कधी कधी कर्माचा उल्लेख होतो. शरीराची घडण नामकर्माशी निगडित आहे, हे पाठशाळेत चार वर्षे गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. त्या सिद्धांताशी येथे वाद नाही. परंतु कर्मसिद्धांत हा दुसऱ्याच्या पाळण्याजवळ उभे राहून उच्चारायचा निकाल नव्हे. त्याच सिद्धांतात पुरुषार्थाला स्थान आहे, निमित्ताला स्थान आहे, आणि औषधदान तर चार दानांपैकी एक मानले गेले आहे. ज्या आचार्यांनी कर्माची सूक्ष्म मीमांसा केली, त्यांनीच रुग्णाची सेवा टाळण्यासाठी तिचा आधार घेण्याची मुभा कोणालाही दिलेली नाही. बाळाच्या पावलाला पूर्वकर्म म्हणून हात जोडणारे घर त्याच बाळाला ताप आला की मध्यरात्री डॉक्टरांचे दार ठोठावते; ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

याहून नाजूक एक विषय अलीकडच्या काळात पुढे आला आहे. गरोदरपणाच्या अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होणाऱ्या सोनोग्राफीत वाकडे पाऊल पुष्कळदा दिसते. अहवाल हाती पडताच घाबरलेले दांपत्य गर्भ ठेवावा की नाही, असा प्रश्न घेऊन डॉक्टरांपुढे बसते. सोनोग्राफीत वाकडे भासलेले पाऊल जन्मानंतर चांगले निघाल्याचीही उदाहरणे असतात. सोबत मणक्याचे किंवा अन्य काही व्यंग आहे का, हे तज्ज्ञांकडून नीट तपासून घेणे आवश्यक आहे, हे खरे. परंतु केवळ पाऊल वाकडे असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर ते बाळ योग्य उपचारांनी चालणारे, धावणारे, खेळणारे होते. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या समाजात या माहितीअभावी एकही गर्भपात होऊ नये. अशा दांपत्याशी वेळीच बोलेल असे जाणते माणूस प्रत्येक संघात असावे.

आता उपचारांकडे वळू. वाकडे पाऊल हाताने सरळ करण्याचा प्रयत्न फार जुना आहे. प्राचीन ग्रीसमधील हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांतही लहानपणीच हाताने वळण देऊन पट्ट्या बांधण्याची पद्धत वर्णिलेली आहे. विसाव्या शतकात प्लास्टर आले, परंतु पुष्कळदा ते चुकीच्या पद्धतीने घातले जाई. महिनोन्‌महिने प्लास्टर घालूनही पाऊल पुरते सरळ होत नसे. मग मोठी शस्त्रक्रिया होई. सांधे उघडायचे, आखडलेले अस्थिबंध कापायचे, पाऊल सरळ करून सळ्यांनी स्थिर करायचे. पाऊल दिसायला सरळ होई. वीस-पंचवीस वर्षांनी मात्र तेच पाऊल ताठर, अशक्त आणि दुखरे झालेले आढळे.

ही गोष्ट ज्यांच्या ध्यानात आली, त्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याजोगे आहे. त्यांचा जन्म ३ जून १९१४ रोजी स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. वडील घड्याळे दुरुस्त करीत आणि मुलगा दुकानात त्यांच्या हाताखाली काम करी. सूक्ष्म भागांना धक्का न लावता, बळ न वापरता जागेवर आणण्याची सवय त्यांच्या बोटांना तेथेच लागली असावी. बार्सिलोना येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण होते न होते तोच १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. पोन्सेटी प्रजासत्ताकाच्या बाजूने सैन्यात डॉक्टर होते. युद्ध हरल्यावर १९३९ साली त्यांनी जखमी सैनिकांना खेचरांवर घालून, तस्कर वापरीत त्या वाटांनी पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये नेले. मायदेशी परतणे शक्य नव्हते. मग मेक्सिकोतील एका खेड्यात दोन वर्षे डॉक्टरकी करून ते १९४१ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आले आणि तेथेच स्थिरावले.

आयोवात पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांची त्यांनी फेरतपासणी केली. पावले ताठ आणि दुखरी होती. तेव्हा त्यांनी पावलाच्या रचनेचा मुळापासून अभ्यास केला. तान्ह्या बाळाचे अस्थिबंध सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यांचे तंतू नागमोडी दिसतात. हळूहळू ताण दिला तर ते लांबतात, आणि काही दिवस तसेच धरून ठेवले तर त्या लांबीला स्थिर होतात. म्हणजे कापण्याची गरजच नव्हती. गरज होती ती योग्य दिशेची, योग्य क्रमाची आणि सबुरीची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या पद्धतीने उपचार सुरू केले आणि १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अस्थितज्ज्ञांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. शस्त्रक्रियेचा तो भरभराटीचा काळ होता. हाताने वळवून प्लास्टर घालणारा डॉक्टर मागासलेला वाटत असे. १९९५ साली आयोवातील जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७८ टक्के रुग्णांची पावले चांगली वा उत्तम होती. जन्मतः कोणताही दोष नसलेल्या समवयस्क व्यक्तींत हेच प्रमाण ८५ टक्के होते. १९९६ साली पोन्सेटींचा ग्रंथ आला. पुढे पालकच एकमेकांना या पद्धतीविषयी सांगू लागले, आणि ऐंशी वर्षांच्या या वृद्ध डॉक्टरांकडे दूरदूरची बाळे येऊ लागली. १८ ऑक्टोबर २००९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

पोन्सेटी पद्धत ऐकायला सोपी आहे. बाळ आठ-दहा दिवसांचे झाले की उपचार सुरू करता येतात. डॉक्टर काही मिनिटे पाऊल अलगद वळवतात आणि लगेच बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात. गुडघा काटकोनात दुमडलेला असतो. प्लास्टर केवळ गुडघ्यापर्यंतच असेल तर ते निसटते आणि पाऊल आतून पुन्हा फिरते. पाच ते सात दिवसांनी जुने प्लास्टर काढून, पाऊल आणखी थोडे वळवून नवे घातले जाते. पहिल्या प्लास्टरमध्ये तळव्याचा खळगा सरळ केला जातो. त्यासाठी पुढचा पंजा वर उचलावा लागतो, आणि पाहणाऱ्याला पाऊल अधिकच वाकडे झाल्यासारखे वाटते. पुष्कळ पालक येथेच घाबरून डॉक्टर बदलतात. त्यानंतरच्या प्लास्टरांत टॅलस नावाच्या घोट्याच्या हाडावर बाहेरच्या बाजूने अंगठा टेकवून सगळा पंजा हळूहळू बाहेर फिरवला जातो. टाचेला हात लावायचा नसतो. ती आपोआप जागेवर येते. पूर्वीच्या काइट पद्धतीत पावलाच्या मध्यावर दाब दिला जाई आणि त्यामुळे टाचच अडकून बसे. अंगठ्याच्या जागेतील हा एवढासा फरक, पण काही महिन्यांचे अपयश आणि काही आठवड्यांचे यश यांतले अंतर तेवढ्यात आहे. म्हणून या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडेच जावे.

साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. राहते ती वर ओढलेली टाच. बहुतेक बाळांत त्यासाठी टाचेमागची कंडरा, जागा बधिर करून, बारीक पात्याने छेदावी लागते. म्हणून ही पद्धत शस्त्रक्रियेविना आहे असे म्हणताना एवढा अपवाद प्रांजळपणे सांगितलाच पाहिजे. परंतु हा छेद काही मिनिटांचा असतो. टाके घालावे लागत नाहीत आणि बाळ बहुधा त्याच दिवशी घरी जाते. त्यावर तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. तेवढ्या अवधीत कंडरा वाढीव लांबीने पुन्हा सांधली जाते. निसर्गाची ही किमया पाहून अनुभवी डॉक्टरही थक्क होतात.

येथवर दोन-अडीच महिने जातात. पाऊल सरळ झालेले असते. आजी दृष्ट काढते, पेढे वाटले जातात, छायाचित्र निघते. आणि खरे उपचार येथून सुरू होतात.

कारण ज्या शक्तीने गर्भात पाऊल आत ओढले, ती पुढची काही वर्षे तशीच कार्यरत असते. पाऊल पुन्हा वळू पाहते. ते थांबवण्यासाठी दोन छोटे बूट एका दांडीला जोडलेले ब्रेस असते. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी असते; दोषी पाऊल साठ ते सत्तर अंश आणि निर्दोष पाऊल तीस ते चाळीस अंश बाहेर वळवून ठेवलेले असते. पहिले तीन महिने दिवसाच्या चोवीस तासांपैकी तेवीस तास हे ब्रेस पायांत असावे लागते. त्यानंतर फक्त झोपेच्या वेळी, म्हणजे रात्र आणि दुपार मिळून बारा-चौदा तास. आणि ते वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत, कधी पाचव्यापर्यंत.

२००४ साली आयोवातील १५७ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९८ टक्के पावले प्लास्टरने सरळ झाली होती. ज्यांचा दोष उलटला त्यांची छाननी केली, तेव्हा बाळाचे वय वा प्लास्टरांची संख्या यांचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो ब्रेसशी. ज्या घरांत ब्रेस नीट वापरले गेले नाही, तेथे दोष उलटण्याची शक्यता सतरापट होती. डॉक्टरचे काम सहा आठवड्यांचे आणि आई-वडिलांचे चार वर्षांचे, असा याचा सरळ अर्थ होतो.

घरात काय घडते, याची कल्पना करणे कठीण नाही. बाळंतीण आणि बाळ यांनी सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे पहिलेच प्लास्टर लांबते. प्लास्टरच्या काळात बाळाला न्हाऊ घालता येत नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे लागते. तेल चोळून नाक-डोके घडवण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे आहे, त्या आजीला हे सहन होत नाही. पाय मालिशने सरळ होईल, असे ती मनापासून म्हणते. मालिशने बाळाला सुख मिळते, खरे क्लबफूट सरळ होत नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात जायचेच आहे म्हणून काही घरांत आदल्या रात्रीच प्लास्टर भिजवून काढले जाते. तेवढ्या एका रात्रीत आठवड्याची कमाई काहीशी वाया जाते. बोटे निळसर वा गार पडली, सुजली, किंवा प्लास्टर खाली सरकून बोटे दिसेनाशी झाली, तर मात्र ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे.

ब्रेसचे पहिले दोन-तीन दिवस फार कठीण जातात. बाळ दोन्ही पाय एकत्र बांधलेले पाहून रडते. मध्यरात्री आई ते सोडते, कारण शेजारच्या खोलीत सासऱ्यांची झोपमोड होत असते. दुसऱ्या रात्री पुन्हा. बाळालाही कळते की रडले की सुटका होते. याउलट ज्या घरांत पहिला आठवडा निर्धाराने काढला जातो, बाळाचे दोन्ही पाय धरून एकत्र वाकवायचे-सरळ करायचे हे खेळासारखे शिकवले जाते, तेथे बाळ दांडीसकट लाथा मारीत मजेत झोपते. येथे सासू-सासऱ्यांनी आणि विशेषतः बाळाच्या वडिलांनी आळीपाळीने जागरण वाटून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे. क्लबफूटचा दवाखाना हा आईनेच एकटीने गाठायचा, असा एक अलिखित नियम दिसतो. तो कोणी केला, कोण जाणे.

अंथरुणात पादत्राणे, ही कल्पनाही काही घरांना रुचत नाही. हे पादत्राण नसून औषध आहे, आणि ते जमिनीला कधीच टेकत नाही, एवढे सांगितले की शंका मिटते. चामड्याचा प्रश्नही येतो. आफ्रिकेतील युगांडात विकसित झालेले स्टीनबीक ब्रेस स्थानिक चर्मकाराकडून करवून घेता येते आणि म्हणूनच ते स्वस्त पडते. पण चामडे वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबाने आधीच तसे सांगितले, तर अस्तर व वरचे आवरण कृत्रिम साहित्याचे करता येते का, हे कारागिराला विचारता येईल. तोवर मिळेल ते ब्रेस वापरावे, उपचार थांबवू नयेत. तेवीस तासांच्या काळात उरणारा एक तास स्नानासाठी असतो. त्याच तासात बाळाला जिनमंदिरात दर्शनाला नेले तर कशातच उणे पडत नाही.

यानंतरही काहींचा दोष उलटतो. अशा वेळी बहुधा पुन्हा दोन-तीन प्लास्टरे घालून पाऊल सरळ करता येते, आणि तीन वर्षांच्या पुढच्या काही मुलांत एक स्नायुबंध जागा बदलून बसवण्याची मर्यादित शस्त्रक्रिया उपयोगी पडते. उशिरा आलेल्या, चालू लागलेल्या मुलांनाही ही पद्धत लागू पडते; प्लास्टरे अधिक लागतात एवढेच. तेव्हा वेळ गेली असे समजून कोणी घरी बसू नये.

आता ट्रस्टच्या कामाविषयी. शासनाने फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याचा प्रारंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांची जी तपासणी त्यात होते, त्यात क्लबफूटचा समावेश आहे. क्युअर इंडिया ही संस्था अनेक राज्यांत सरकारी रुग्णालयांच्या सोबतीने क्लबफूटचे दवाखाने चालवते. म्हणजे ट्रस्टने नवे रुग्णालय बांधण्याची, नवे शस्त्रक्रियागृह उभारण्याची गरज नाही. ही गोष्ट काही दात्यांना निराश करील, हे उघड आहे. संगमरवरी फलक भिंतीवर लागतो. चार वर्षांच्या रात्रींवर कोणाचे नाव कोरता येत नाही. पर्युषणात किंवा दशलक्षणात बोली लागते ती दिसणाऱ्या गोष्टींची.

परंतु हिशेब मांडून पाहावा. प्लास्टरसाठी दर आठवड्याला एक फेरी, अशा सहा-सात. ब्रेस दिल्यानंतर दोन आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी एक, मग तिसऱ्या वर्षापर्यंत दर चार महिन्यांनी आणि चौथ्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी. पुढेही वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षा-दोन वर्षांतून एकदा. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा प्रत्येक फेरीला एक दिवसाचा रोज बुडतो आणि एसटीचे भाडे लागते. पाऊल वाढते तसे बूट अपुरे पडतात. बोटे बुटाच्या पुढच्या कडेवरून बाहेर डोकावू लागली की बूट बदलायची वेळ आली. नेमके या ठिकाणी गरीब घर थांबते. पाऊल सरळ दिसत असते, बूट लहान झालेला असतो, शहर लांब असते. सहा महिन्यांनी पाऊल पुन्हा आत वळलेले दिसते, आणि प्लास्टरने काही उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष गावभर पसरतो. तो ऐकून पुढच्या बाळाचे पालक दवाखान्यात जातच नाहीत.

शिबिरात हे काम होणार नाही. वर्षातून एक दिवस शंभर बाळांना प्लास्टर घालून निघून जाणे हे तर अपायकारक आहे. आठ दिवसांनी ते कोणी काढायचे आणि नवे कोणी घालायचे? जैन परंपरेत यासाठी दानाहून नेमका असा एक शब्द आहे : वैयावृत्त्य. त्याची गणना अंतरंग तपांत होते. मूळ अर्थ साधू-साध्वींच्या, विशेषतः रुग्ण व वृद्ध साधूंच्या सेवेचा आहे. पण त्या सेवेचा स्वभाव, म्हणजे रोजची, न कंटाळता केलेली, कोणी पाहत नसताना केलेली सेवा, तोच येथेही लागतो.

ट्रस्टच्या महिला मंडळाने परिसरातील प्रसूतिगृहांशी संपर्क ठेवून वाकड्या पावलाचे बाळ जन्मले की पहिल्या आठवड्यातच त्या घरी जावे, दवाखान्याचा वार सांगावा, हवे तर पहिल्या फेरीला सोबत जावे. पाठशाळेची एक वही त्यासाठी पुरेल : बाळाचे नाव, ब्रेस दिल्याची तारीख, पुढच्या तपासणीचा दिवस. पहिल्या आठवड्यात रोज एक दूरध्वनी, नंतर महिन्यातून एक. प्रवासभाड्याची सोय ट्रस्टच्या कार्यालयातून हातोहात व्हावी. त्यासाठी अर्ज, शिफारस, छायाचित्र यांची मागणी नसावी. ही मदत जात-धर्म न पाहता मिळावी, हे पन्नास वर्षांच्या परंपरेला वेगळे सांगण्याचे कारण नाही. आणि धर्मशाळेच्या कार्यालयात एक कपाट ब्रेससाठी राखून ठेवावे. लहान झालेले बूट बहुधा फाटलेले नसतात, बाळ ते घालून चालतच नाही. स्वच्छ करून, दांडीचे स्क्रू तपासून, मापाप्रमाणे चिठ्ठी लावून ते कपाटात ठेवले, आणि डॉक्टरांनी कोन व मोजमाप जुळवून दिले, की पुढच्या बाळाला उपयोगी पडतात. सर्वांत लहान मापाचे बूट सर्वांत आधी परत येतील, कारण पहिल्या वर्षात पाऊल झपाट्याने वाढते. दोन ते चार वर्षांच्या मुलांची मापे मात्र विकत घेऊन ठेवावी लागतील, आणि दात्यांची खरी गरज तेथेच आहे.